पुस्तकातला पुरवठादार आणि शाळेचे रजिस्टर

संगणकावर डेटाबेस कसा तयार करायचा हे शिकवणारी पुस्तके आज भरपूर मिळतात. शाळेत संगणक आहे, शिकण्याची हौस आहे, सुट्टीत थोडा वेळही आहे; तेव्हा कोणी शिक्षक किंवा अकरावी-बारावीचा विद्यार्थी असे एखादे पुस्तक आणून शिकायला बसतो. पहिली चार-पाच प्रकरणे झरझर संपतात. पुस्तकात दिलेले तक्ते तयार होतात, दिलेल्या आज्ञा टंकल्या की दिलेलीच उत्तरे पडद्यावर उमटतात. मग वाटते, आता आपल्या शाळेच्या ग्रंथालयासाठी असेच काही करून पाहावे. पुस्तक मिटून कोऱ्या पडद्यासमोर बसले की मात्र गाडी अडते. पहिला तक्ता कशाचा करायचा? त्यात रकाने किती? विद्यार्थ्याचे नाव नेमके कुठे लिहायचे?

ही अडचण आज्ञांची नसते. आज्ञा विसरली तर पुस्तक उघडून पुन्हा पाहता येते. खरी अडचण अशी, की पुस्तकाने तक्त्यांची रचना आयती आपल्या हाती दिलेली असते. ती तशीच का केली याचा विचार लेखकाने आधीच करून ठेवलेला असतो, आणि तो बहुधा उदाहरणातल्या नावांत नि आकड्यांत दडलेला असतो. आपण आज्ञा मन लावून वाचतो आणि उदाहरणातल्या तक्त्यांवरून मात्र नुसती नजर फिरवतो. या लेखात आपण उलट करू. एका नावाजलेल्या पुस्तकातले तक्ते सावकाश वाचू आणि वाचताना शेजारी शाळेची रजिस्टरे उघडून ठेवू.

तक्त्यांची कल्पना कोठून आली?

त्याआधी थोडा इतिहास. १९६० च्या दशकात मोठ्या संगणकांवर माहिती साठवली जाई, पण ती झाडाच्या फांद्यांसारखी किंवा एकमेकींना जोडलेल्या साखळ्यांसारखी मांडलेली असे. एखादी गोष्ट शोधायची तर कोणत्या फांदीवरून कोणत्या फांदीवर जायचे, ही वाट प्रोग्राम लिहिणाऱ्याला ठाऊक असावी लागे. मांडणी बदलली की वाट बदले, आणि मग प्रोग्रामही बदलावे लागत.

इंग्लंडमध्ये जन्मलेले गणितज्ञ एडगर कॉड तेव्हा आयबीएम कंपनीच्या कॅलिफोर्नियातील सॅन होझे येथील प्रयोगशाळेत काम करत होते. जून १९७० मध्ये त्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. माहिती साध्या तक्त्यांच्या रूपात मांडावी, दोन तक्त्यांतला संबंध त्यांतल्या समान मूल्यांवरून कळावा, आणि वापरणाऱ्याने फक्त 'काय हवे' ते सांगावे, 'कसे शोधायचे' ते यंत्रावर सोपवावे, असे त्यात सुचवले होते. या कामासाठी कॉड यांना १९८१ मध्ये संगणकशास्त्रातील ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९७४ मध्ये त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी तक्त्यांना प्रश्न विचारण्यासाठी 'सीक्वेल' नावाची भाषा मांडली. तीच पुढे एसक्यूएल या नावाने ओळखली जाऊ लागली. १९८६ मध्ये अमेरिकेत आणि १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर तिचे प्रमाणीकरण झाले.

हा इतिहास सांगण्याचे एक व्यावहारिक कारण आहे. १९९० च्या दशकात आपल्याकडच्या संगणक वर्गांतून डीबेस आणि फॉक्सप्रो शिकवले जात. मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल फॉक्सप्रोला दिलेली मदत जानेवारी २०१५ मध्ये थांबली. कोणत्या मेनूत काय आहे, कोणते बटण दाबायचे, हे ज्ञान असे काही वर्षांत जुने होते. तक्ता, ओळ, रकाना आणि त्यांतले संबंध ही कल्पना मात्र पन्नास वर्षांहून अधिक काळ टिकून आहे. म्हणून पुस्तक निवडताना त्यात पडद्याची चित्रे किती आहेत हे पाहू नये. तक्ते असेच का केले याबद्दल लेखक किती बोलतो, ते पाहावे.

सरावासाठी एसक्यूलाइट ही प्रणाली सोयीची आहे. रिचर्ड हिप यांनी ती २००० साली प्रथम उपलब्ध करून दिली. ती विनामूल्य आहे, इंटरनेटशिवाय चालते आणि सगळा डेटाबेस एकाच फाइलमध्ये ठेवते. आपल्या खिशातल्या मोबाइल फोनमध्येही ती काम करत असते. आज्ञा टंकताना त्या रोमन लिपीत टंकाव्या लागतात. या लेखात त्यांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत.

पाच पुरवठादार, सहा सुटे भाग, बारा खेपा

सी. जे. डेट यांचे 'अ‍ॅन इंट्रोडक्शन टू डेटाबेस सिस्टिम्स' हे पुस्तक १९७५ मध्ये निघाले आणि पुढे त्याच्या अनेक आवृत्त्या झाल्या. त्यातले एक उदाहरण इतके रूढ झाले, की नंतरच्या कितीतरी पुस्तकांनी आणि शिक्षकांनी ते उचलले. त्यात तीन तक्ते आहेत.

पहिला तक्ता पुरवठादारांचा. त्यात पाच ओळी आहेत: एस१ स्मिथ, लंडन; एस२ जोन्स, पॅरिस; एस३ ब्लेक, पॅरिस; एस४ क्लार्क, लंडन; एस५ अ‍ॅडम्स, अथेन्स. शिवाय प्रत्येकाच्या दर्जाचा एक आकडा आहे.

दुसरा तक्ता सुट्या भागांचा. पी१ ते पी६ असे सहा भाग: नट, बोल्ट, स्क्रू, स्क्रू, कॅम आणि कॉग. प्रत्येकाचा रंग, वजन आणि शहर दिलेले आहे.

तिसरा तक्ता खेपांचा. त्यात बारा ओळी असून प्रत्येक ओळीत तीनच गोष्टी आहेत: पुरवठादाराचा क्रमांक, भागाचा क्रमांक आणि नगांची संख्या. उदाहरणार्थ, एस१, पी१, ३००.

इथवर वाचून आपण सहसा पुढच्या पानावर जातो. जरा थांबून पाहिले तर चार गोष्टी लक्षात येतात.

एक. एस५, म्हणजे अथेन्सचा अ‍ॅडम्स, खेपांच्या तक्त्यात कोठेच नाही. त्याने अजून एकही भाग पुरवलेला नाही. तरी तो पुरवठादार म्हणून नोंदलेला आहे.

दोन. 'स्क्रू' हे नाव दोनदा आले आहे. पी३ निळा, पी४ तांबडा. नावावरून भाग ओळखायला गेलो तर घोटाळा होईल. ओळख क्रमांकावरूनच पटेल.

तीन. खेपांच्या तक्त्यात कोणाचेही नाव नाही, शहर नाही, रंग नाही. स्मिथच्या सहा खेपा आहेत, पण 'स्मिथ, लंडन' हे शब्द सहा वेळा लिहिलेले नाहीत. ते पहिल्या तक्त्यात एकदाच आहेत.

चार. ३०० ही संख्या एकट्या स्मिथची नाही आणि एकट्या नटचीही नाही. ती त्या दोघांच्या जोडीची आहे. म्हणून तिला स्वतंत्र तिसऱ्या तक्त्यातच जागा मिळते.

अ‍ॅडम्सची रिकामी बाजू आणि दोन स्क्रू हे योगायोगाने आलेले नाहीत, असे समजून वाचावे. चांगल्या पुस्तकातले उदाहरण भूमितीतल्या आकृतीसारखे असते. त्यातली प्रत्येक रेघ काहीतरी सांगते.

एकाच वहीतले तीन दोष

आता शाळेच्या ग्रंथालयाकडे वळू. अनेक शाळांत पुस्तकांच्या देवघेवीची एक वही असते. तिचे रकाने साधारण असे: दिनांक, विद्यार्थ्याचे नाव, इयत्ता, पुस्तकाचे नाव, लेखक, परत केल्याचा दिनांक, सही. नवशिका माणूस संगणकावर अगदी हाच एक तक्ता करतो. तो चालतोही. पण महिन्याभरात तीन दोष दिसू लागतात.

पहिला दोष पुनरुक्तीचा. 'ज्योत्स्ना कुलकर्णी' हे नाव वर्षभरात वीस वेळा लिहिले जाते. एकदा 'जोत्स्ना' होते, एकदा 'कुळकर्णी' होते. माणसाला ती एकच मुलगी वाटते, संगणकाला तीन. देवनागरीत याहूनही सूक्ष्म अडचण आहे. 'अ‍ॅ' हे अक्षर संगणकावर दोन प्रकारांनी टंकता येते. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण आत साठवलेले सांकेतिक आकडे वेगळे असल्याने यंत्र त्यांना वेगळी समजते. एखाद्या अ‍ॅलनचे नाव दोन संगणकांवरून भरले गेले तर त्याची निम्मी पुस्तके शोधात सापडणार नाहीत.

दुसरा दोष असा, की अजून कोणी न नेलेल्या पुस्तकाला या तक्त्यात जागाच नाही. कालच नवी पन्नास पुस्तके आली. पण देवघेव झाल्याशिवाय ओळ तयार होत नाही, म्हणून ती पुस्तके संगणकाच्या लेखी अस्तित्वातच नाहीत. पुस्तकातला अ‍ॅडम्स आठवा.

तिसरा दोष पुसण्याचा. वर्षअखेर जुन्या देवघेवी पुसून टाकल्या. एखादे पुस्तक त्या वर्षात एकदाच कोणी नेले असेल, तर त्या ओळीबरोबर त्या पुस्तकाची आणि त्याच्या लेखकाचीही नोंद गेली. पुसायची होती एक घटना, पुसली गेली एक वस्तू.

तिन्ही दोषांचे मूळ एकच आहे. विद्यार्थी, पुस्तक आणि देवघेव अशा तीन वेगवेगळ्या गोष्टी आपण एकाच ओळीत कोंबल्या. त्या वेगळ्या करण्याच्या पद्धतीला नॉर्मलायझेशन म्हणतात. कॉड यांनी १९७० च्या त्या निबंधातच हा शब्द वापरला होता. पुस्तकांत या नावाचे प्रकरण बहुधा अवघड भाषेत लिहिलेले असते आणि पुष्कळ वाचक तेच गाळतात. त्याचा गाभा मात्र एका वाक्यात सांगता येतो: एक गोष्ट एकाच जागी लिहावी आणि बाकी सर्वत्र तिच्याकडे बोट दाखवावे.

जनरल रजिस्टरला हे आधीच माहीत आहे

हे वाक्य शाळेला नवे नाही. विद्यार्थी दाखल झाला की जनरल रजिस्टरमध्ये त्याची नोंद होते आणि त्याला एक रजिस्टर क्रमांक मिळतो. त्याची इयत्ता बदलते, तुकडी बदलते, हजेरी क्रमांक तर दरवर्षी बदलतो. रजिस्टर क्रमांक बदलत नाही. शाळा सोडल्याचा दाखला हा याच रजिस्टरचा उतारा असतो. डेटाबेसच्या पुस्तकांत ज्याला 'प्रायमरी की' म्हणतात, ती म्हणजे असा क्रमांक: प्रत्येकाचा वेगळा, रिकामा न राहणारा आणि न बदलणारा. सातवीच्या वर्गात दोन स्नेहल पाटील असू शकतात. पुस्तकातल्या दोन स्क्रूंप्रमाणे त्यांनाही क्रमांकच वेगळे करतो.

जनरल रजिस्टरमधील नाव, जन्मतारीख किंवा जात बदलायची तर मुख्याध्यापकांना मनाने बदलता येत नाही. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते. कित्येकांना ही कटकट वाटते. पण विचार करा, दाखल्यावरची जन्मतारीख पुढे दहावीच्या प्रमाणपत्रावर, पुढच्या प्रवेशात, नोकरीच्या अर्जात जाते. जातीचा दाखला काढतानाही शाळेची नोंद पुरावा म्हणून मागितली जाते. जनरल रजिस्टरमध्ये १ जून आणि वर्गाच्या वहीत ११ जून असे पडले, आणि उतारा चुकीच्या वहीवरून घेतला गेला, तर त्याचा त्रास त्या मुलाला वीस वर्षांनी होतो. तोवर लिहिणारे निवृत्त झालेले असतात. २०१५ पासून महाराष्ट्रातील शाळांनी विद्यार्थ्यांची माहिती 'सरल' या संगणक प्रणालीत भरली. आधार कार्डावरचे नाव एक आणि शाळेच्या नोंदीतले दुसरे असल्यावर काय होते, हे त्या निमित्ताने शिक्षकांना चांगलेच समजले आहे. एकच गोष्ट दोन जागी लिहिली की कधीतरी त्या दोन जागा भांडणारच.

म्हणून ग्रंथालयाच्या डेटाबेसमध्ये जन्मतारखेचा रकाना नकोच. आधार क्रमांकही नको. पुस्तक देण्याघेण्यासाठी त्यांची गरज नाही. जे लागत नाही ते न लिहिणे हाही रचनेचाच भाग आहे.

ग्रंथपालांनाही हे तत्त्व ठाऊक असते. शाळेत 'श्यामची आई'च्या पाच प्रती असल्या तर ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत प्रत्येक प्रतीला वेगळा दाखल क्रमांक मिळतो. शीर्षक एक, प्रती पाच. मुलगी घरी नेते ती प्रत. शीर्षक ग्रंथालयातच राहते.

आपले तक्ते

आता कागद-पेन्सिल घेऊन रचना करू. संगणक अजून सुरू करायचा नाही.

विद्यार्थी: रजिस्टर क्रमांक, नाव.
वर्गनोंद: रजिस्टर क्रमांक, शैक्षणिक वर्ष, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक.
पुस्तक: पुस्तक क्रमांक, शीर्षक, लेखक.
प्रत: दाखल क्रमांक, पुस्तक क्रमांक.
देवघेव: अनुक्रमांक, दाखल क्रमांक, रजिस्टर क्रमांक, दिल्याची तारीख, परतीची तारीख.

इयत्ता 'विद्यार्थी' तक्त्यात का नाही? कारण ती विद्यार्थ्याची कायमची गोष्ट नाही. ती विद्यार्थी आणि वर्ष या जोडीची आहे, जशी ३०० ही संख्या स्मिथ आणि नट या जोडीची होती.

देवघेव तक्ता म्हणजे आपल्याकडचा खेपांचा तक्ता. पण येथे एक फरक आहे, आणि पुस्तकाची नक्कल करणारा नेमका येथेच फसतो. पुस्तकात एक पुरवठादार आणि एक भाग ही जोडी एकदाच येते, म्हणून ती जोडीच त्या ओळीची ओळख ठरते. आपल्याकडे तीच मुलगी तीच प्रत जूनमध्ये नेते आणि आवडली म्हणून डिसेंबरमध्ये पुन्हा नेते. म्हणजे जोडी पुरेशी नाही. म्हणून प्रत्येक देवघेवीला स्वतंत्र अनुक्रमांक दिला. पुस्तकातले उदाहरण आणि आपले काम जेथे जुळत नाही, तेथेच आपले खरे शिकणे सुरू होते.

'प्रत सध्या बाहेर आहे' असा रकाना आपण ठेवलेला नाही, हेही पाहा. ज्या देवघेवीला परतीची तारीख नाही ती प्रत बाहेर आहे. जी गोष्ट इतर नोंदींवरून काढता येते ती पुन्हा लिहून ठेवली, तर दोन जागांचे भांडण पुन्हा सुरू होईल.

करून पाहण्याचे चार प्रयोग

विज्ञानाचे शिक्षक प्रयोगाआधी मुलांना 'काय होईल?' असे विचारतात. डेटाबेसचे पुस्तकही असेच वाचावे. आज्ञा देण्याआधी उत्तरात किती ओळी येतील ते कागदावर लिहावे आणि मगच आज्ञा द्यावी.

पहिला प्रयोग जोडणीचा. पुस्तकातले पुरवठादार आणि खेपा हे दोन तक्ते भरा. 'सिलेक्ट' आज्ञेत दोन्ही तक्त्यांची नावे द्या, पण 'दोन्हीकडचा पुरवठादार क्रमांक सारखा असेल तेव्हाच' ही अट मुद्दाम गाळा. किती ओळी येतील? पाच गुणिले बारा, म्हणजे ६०. यंत्राने प्रत्येक पुरवठादाराला प्रत्येक खेपेशी जोडले. आता अट घाला. १२ ओळी राहतील. आपल्या ग्रंथालयात ४०० विद्यार्थी आणि ३,००० देवघेवी असतील, तर अट विसरल्यावर १२,००,००० ओळी येतील. अशा वेळी संगणक 'बिघडला' असे वाटते. तो बिघडलेला नसतो, सांगितले तेच करत असतो.

दुसरा प्रयोग खोट्या क्रमांकाचा. देवघेव तक्त्यातला रजिस्टर क्रमांक हा विद्यार्थी तक्त्यातल्या क्रमांकाकडे दाखवलेले बोट आहे. पुस्तके याला 'फॉरिन की' म्हणतात. आता अस्तित्वात नसलेल्या ९९९९ या रजिस्टर क्रमांकावर पुस्तक देऊन पाहा. एसक्यूलाइटने सहसा ते मुकाट्याने स्वीकारलेले दिसेल, कारण ही तपासणी तेथे मुळात बंद असते. 'प्रॅग्मा फॉरिन कीज' ही आज्ञा देऊन ती सुरू करावी लागते, आणि प्रत्येक वेळी डेटाबेस उघडल्यावर ती द्यावी लागते. आता तोच प्रयोग पुन्हा करा. यंत्र नकार देईल. नियम लिहिला म्हणजे तो पाळला जातो असे नव्हे. तो मोडायचा प्रयत्न करून पाहिल्यावरच खात्री पटते.

तिसरा प्रयोग रिकाम्या जागेचा. परत न आलेली पुस्तके शोधायची आहेत. परतीची तारीख रिकामी आहे. या रिकामेपणाला 'नल' म्हणतात. 'व्हेअर परतीची तारीख = नल' अशी अट घातली तर एकही ओळ येत नाही, मग वीस पुस्तके बाहेर असोत. नल म्हणजे शून्य नव्हे आणि कोरा शब्दही नव्हे. नल म्हणजे 'माहीत नाही'. एक माहीत नसलेली गोष्ट दुसऱ्या माहीत नसलेल्या गोष्टीएवढी आहे का? याचे उत्तरही 'माहीत नाही' असेच येते, आणि अशी ओळ गाळली जाते. म्हणून येथे बरोबरीचे चिन्ह न वापरता 'इज नल' असे लिहावे लागते. पडद्यावर 'एकही पुस्तक बाहेर नाही' असे उत्तर आले आणि कपाट मात्र अर्धे रिकामे आहे, अशा वेळी कपाटावर विश्वास ठेवावा.

चौथा प्रयोग तारखेचा. एसक्यूलाइटमध्ये तारखेसाठी वेगळा प्रकार नाही; ती बहुधा अक्षरांच्या रूपात ठेवली जाते. आपण १५-०६-२०२४ असे लिहितो. अशा तारखा क्रमाने लावायला सांगितल्या तर ०५-०७-२०२४ ही तारीख १५-०६-२०२४ च्या आधी येते, कारण शब्दकोशाप्रमाणे डावीकडून पहिले अक्षर पाहिले जाते. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने २०२४-०६-१५ असे लिहिले की अक्षरांचा क्रम आणि काळाचा क्रम एकच होतो. आकडे यंत्रात इंग्रजी अंकांतच भरावेत, आणि एक अंकी दिवसाआधीचे शून्य विसरू नये.

डिसोझाचे नाव आणि गेलेली वीज

तक्ते झाले, प्रश्न विचारता आले. आता पडद्यावर एक अर्ज ठेवायचा, त्यात ग्रंथपालांनी नाव टंकायचे आणि प्रोग्रामने ते शोधायचे. येथून पुढे ते उपयोजन, म्हणजे इतरांनी वापरायची वस्तू बनते. अनेक जुन्या पुस्तकांत या ठिकाणी एक सोपी युक्ती दिलेली असते: आज्ञेचा पहिला तुकडा, मग टंकलेले नाव, मग शेवटचा तुकडा, असे जोडून एक वाक्य तयार करायचे आणि ते डेटाबेसकडे पाठवायचे. नावाभोवती एकेरी अवतरणचिन्हे असतात.

वसईच्या किंवा गोव्याच्या शाळेत ही युक्ती पहिल्याच दिवशी मोडेल. डिसोझा हे आडनाव रोमन लिपीत लिहिताना पहिल्या अक्षरानंतर पुष्कळदा वर एक स्वल्पविराम देतात. संगणकाला ते एकेरी अवतरणचिन्हच वाटते. नाव तेथेच संपले असे तो समजतो, उरलेली अक्षरे आज्ञेचा भाग मानतो आणि चूक दाखवतो. दोष त्या आडनावात नसून वाक्य जोडण्याच्या पद्धतीत आहे. आणि जेथून साधे आडनाव आज्ञेत घुसते, तेथून कोणी मुद्दाम लिहिलेली आज्ञाही घुसू शकते. डेटाबेसमधली माहिती चोरण्याचा आणि बिघडवण्याचा हा एक जुना आणि आजही वापरला जाणारा मार्ग आहे. उपाय सोपा आहे. आज्ञेत नावाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवायचे आणि नाव वेगळे पाठवायचे. मग यंत्र त्याला नावच समजते, आज्ञा समजत नाही. पुस्तक कितीही चांगले असले तरी तुकडे जोडण्याची युक्ती त्यातून घेऊ नये.

दुसरी गोष्ट विजेची. मुलगा एक पुस्तक परत करतो आणि दुसरे नेतो. माणसाच्या दृष्टीने हे एक काम, डेटाबेसच्या दृष्टीने दोन नोंदी. पहिली झाली आणि तेवढ्यात वीज गेली तर? हिशेब अर्धवट राहील. यासाठी 'ट्रान्झॅक्शन'ची सोय असते. 'बिगिन' म्हणायचे, दोन्ही नोंदी करायच्या, मग 'कमिट' म्हणायचे. कमिट होण्याआधी काहीही बिनसले तर दोन्ही नोंदी झाल्याच नाहीत असे धरले जाते. पुस्तकांत हा भाग शेवटच्या प्रकरणांत असतो आणि तो मोठ्या बँकांसाठी आहे असा समज होतो. तो जेथे वीज जाते त्या प्रत्येक गावासाठी आहे.

वर्गात काय करता येईल?

ज्या शाळेत सगळी मिळून शंभर पुस्तके आहेत तेथे वहीच उत्तम. तिला वीज लागत नाही. पुस्तके हजारांत गेली आणि 'हे कोणाकडे आहे?' हा प्रश्न रोज पडू लागला की डेटाबेसचा उपयोग होतो. तेव्हाही पहिले सत्रभर वही आणि संगणक दोन्ही चालू ठेवावेत, दर शनिवारी दोहोंची पडताळणी करावी आणि डेटाबेसच्या फाइलची एक प्रत दुसऱ्या जागी ठेवावी. संगणकावरचे उत्तर वहीशी जुळत नाही तेव्हा कारण शोधण्यात जे शिकायला मिळते ते पुस्तकात मिळत नाही.

संगणक नसला तरी यातला महत्त्वाचा भाग शिकवता येतो. नववीच्या मुलांचे गट करा आणि प्रत्येक गटाला शाळेतील एकेका नोंदवहीचे रकाने फळ्यावर लिहून द्या: पोषण आहाराची, खेळाच्या साहित्याची, प्रयोगशाळेतील काचसामानाची. रकानेच द्या, मुलांची खरी माहिती देऊ नका. मग चार प्रश्न विचारा. यात कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा लिहिली जाते? कोणत्या गोष्टीला घटना घडेपर्यंत जागाच मिळत नाही? एक ओळ खोडली तर नको असताना आणखी काय जाईल? आणि प्रत्येक वस्तूची न बदलणारी खूण कोणती?

चौथ्या प्रश्नावर वाद होईल. कोणी म्हणेल, परीक्षानळीला क्रमांक कशाला, त्या सगळ्या सारख्याच असतात, नुसती संख्या लिहावी. कोणी म्हणेल, सूक्ष्मदर्शकाला मात्र क्रमांक हवाच, कारण दुरुस्तीला नेमका कोणता गेला हे कळले पाहिजे. दोघांचेही म्हणणे बरोबर आहे. कोणत्या वस्तूला स्वतंत्र ओळख द्यायची आणि कोणती नुसती मोजायची, हे ठरवता आले की तक्ते करता येऊ लागतात. त्यानंतर आज्ञांसाठी पुस्तक आहेच.